लाभ, दोन, तीन

आमच्या आईला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि मला काही म्हणजे काही पाठ होत नसे. घरात याची थट्टा व्हायची. आईच्या डोक्यात अख्खी लग्नंच्या लग्नं शब्दन्‌शब्द बसलेली, आणि तिच्या पोटची मी शाळेच्या प्रार्थनेतही नुसते ओठ हलवणारी.

आई धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजी असतो, पण त्याच्या आधी आणि त्याच्यानंतर जे काय असतं ते धवलारणीचं. मांडव उभा राहतो, देवांना बोलावणं जातं, तांदळाचा विधी होतो, हळद लागते. प्रत्येक विधीचा धवला वेगळा, आणि तो म्हटल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. आई पुढे बसून ओळ म्हणायची, मागच्या दोघीतिघी ती उचलायच्या. यातलं काहीही कुठे लिहिलेलं नव्हतं. लहानपणी मावशीच्या मागे मांडवोमांडवी बसून तिने ते ऐकलं आणि ते तिच्यात राहिलं, एवढंच.

गाव आमचं नावड्याच्या पुढे, खाडीच्या बाजूला. भातशेती सरकारने कधीच घेतली. तिच्या बदल्यात प्लॉट आला, प्लॉटवर बिल्डिंग आली, वरच्या मजल्यांवर भाडेकरू आले आणि आम्ही तळमजल्यावर राहिलो. शेत गेलं तरी आईची पायली गेली नाही. पनवेलहून विकतचा तांदूळ पोत्याने आला की तो पिंपात ओतण्याआधी आई पायलीने मोजायची. पिशवीवर वजन छापलेलं असतं, मग मोजतेस कशाला, असं विचारलं की म्हणायची, "छापलेला त्यांचा. मोजलेला आपला." आणि मोजताना पहिल्या पायलीला ती कधी एक म्हणत नसे. लाभ, दोन, तीन, अशीच तिची मोजणी. पहिलं माप देवाचं, त्याला आकडा लावायचा नाही. आमच्याकडची जुनी माणसं सगळी असंच मोजत. मोजण्याची एक संथ चालही होती, गाणं नव्हे आणि बोलणंही नव्हे.

मी इंजिनीअरिंगला गेले, घरातून पहिलीच. जवळच्याच एका खाजगी कॉलेजात. पहिल्याच वर्षी सी नावाची भाषा होती. आता लोकांना सांगितलं तर हसतात, पण आम्ही प्रोग्रॅमिंग शिकलो ते फळ्यावर, आणि परीक्षा दिली ती कागदावर. लॅबमध्ये एका कॉम्प्युटरपुढे पोरांचा घोळका, त्यात कीबोर्डला हात लागायचा तो दांडगाई करणाऱ्यांचा. बाकीच्यांनी प्रोग्रॅम वहीत उतरवून घ्यायचे, पाढ्यांसारखे घोकायचे आणि पेपरात पेनाने लिहायचे. त्यातला एक हमखास यायचा: दिलेली संख्या मूळ संख्या आहे की नाही हे तपासणारं फंक्शन. फंक्शन म्हणजे कामाला लावलेला माणूस. आपण त्याला एक आकडा द्यायचा, त्याने तपासून यायचं आणि सांगायचं. हो असेल तर एक, नाही तर शून्य.

मला ते आलं नाही. विषय राहिला, केटी लागली. बाबा चांगल्या स्वभावाचे, ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "नसंल जमत तर र्‍हाऊदे." ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग मी घोकायला लागले. आई स्वयंपाकघरात खाली बसून वालाचं बिरडं सोलत होती आणि मी तिच्या भोवती फेऱ्या मारत मोठ्याने म्हणत होते. चौथ्या-पाचव्या फेरीला आई मान वर न करता म्हणाली, "मंगा तू दुसरा बोललीस."

"काय दुसरं?"

"मंगा बोललीस, इक्वल टू टू. आता बोलतंस, वन. काय तो नक्की धर."

मी वहीत पाहिलं. दोनच होतं. मी दर वेळी तिथेच घसरत होते. परीक्षेतही बहुतेक तेच लिहून आले होते. मी पुन्हा सुरू केलं, आणि आता आई ऐकायलाच बसली. जिथे ओळ गळे तिथे तिची बोटं थांबत. अर्थ कळत नव्हता, पण ओळ गळलेली तिला कळत होती. ते तिचं रोजचंच काम होतं. लग्नात मागची बाई अडखळली की आई पुढून ओळ भरून घ्यायची.

शेवटी तिने विचारलं, "पन यो हाय कसला मंत्र?"

मी तिच्या ताटातले सोललेले वाल घेतले आणि सात दाणे मांडले. सातांचे दोन सारखे वाटे होतात का बघ. एक उरतो. तीन वाटे कर, परत एक उरतो. चार, पाच, सहा, काही केलं तरी सारखे वाटे होत नाहीत. ही मूळ संख्या.

"म्हनजे कुनाला वाटा देत नाय," आई म्हणाली. "तुज्या धाकल्या काकासारका."

आम्ही दोघी खूप हसलो. धाकट्या काकाने प्लॉटवरून वर्षानुवर्षं सगळ्यांना जेरीस आणलं होतं. मग मी तिला माझी चूक समजावली. वाटे करून बघायचे ते दोनापासून. एकापासून सुरुवात केली तर सगळं फसतं, कारण एक वाटा तर प्रत्येक आकड्याचा होतोच. मग फंक्शन प्रत्येकाला नाहीच म्हणणार, साताला पण नाही, अकराला पण नाही.

आई म्हणाली, "मंग त्यात काय हाय? पयला लाभ. त्याला वाट्यात धरायचाच नाय. मोजनी दोनापासून."

मी म्हटलं, अगं, कारण ते नाही. ती म्हणाली, "कारन तुज्या मास्तरला सांग. ध्यानात र्‍हाला ना?"

राहिलं. त्यानंतर आजतागायत मी तिथे एक लिहिलेला नाही.

त्या दिवसांत आईने तो प्रोग्रॅम अख्खा उचलला. मी शिकवला नाही, तिने ऐकून घेतला. खुणांना तिने आपली नावं दिली. अर्धविरामाला ती टिंब-शेपटी म्हणायची, कारण तो कसा दिसतो हे मी तिला तसंच सांगितलं होतं. महिरपी कंसाला दार: दार उघड, दार मिट. आणि चाल लावली ती पायली मोजायची. धवल्याची चाल तिने लावली नाही. मी एकदा गंमत म्हणून धवल्यासारखं म्हणायला गेले तर तिने हातातली काथवट आपटली. मांडवाशिवाय धवला नाही, हा तिचा कायदा होता आणि त्याला थट्टेतही सूट नव्हती.

मी पास झाले. पुढे पदवी झाली, महाप्याला नोकरी लागली, लग्न होऊन मी कामोठ्याला आले. माझ्या लग्नात धवले आईनेच म्हटले, स्वतःच्या पोरीच्या लग्नात रडायचं सोडून. मूळ संख्या तपासणारं फंक्शन नोकरीत कधी लागलं नाही. हल्ली तर आमच्या ऑफिसात नवी पोरं एक वाक्य टाइप करतात आणि मशीनच अख्खा प्रोग्रॅम लिहून देतं, वर दोन ओळी स्पष्टीकरणही देतं. मला त्याचा राग नाही. पण माहेरी गेले की आई दारातच त्या प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीने सुरू करायची, "आली गो, इंट इजप्राइम आली." शेजारणींना म्हणून दाखवायची. वरच्या मजल्यावर साताऱ्याचं कुटुंब राहायचं, त्यांच्या मुलीला कॉलेजात सी लागलं तेव्हा तिलाही खाली बोलावून म्हणून दाखवलं. ती मुलगी बिचारी मोबाईल हातात धरून ऐकत राहिली.

मग एका लग्नसराईनंतर आईचा आवाज बसला.

इथे आमचं सगळ्यांचं चुकलं, आणि ते आमच्यासारख्यांचंच चुकू शकतं. दुसऱ्या घरात बाईचा आवाज महिनाभर बसला असता तर कोणीतरी डॉक्टरकडे नेलं असतं. धवलारणीचा आवाज बसतोच. उलट बसला नाही तर लोक म्हणतात, यंदा हिला बोलावणी कमी आली वाटतं. आई त्या घोगऱ्या आवाजाने मिरवतच होती. भेटेल तो म्हणे, "सीझन जोरात गेला वाटतं." ती ज्येष्ठमध चघळत मान हलवायची. पावसाळा गेला, लग्नं नव्हती, आवाज काही उघडला नाही. तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा मांडव उभे राहिले आणि ती त्याच आवाजाने बसली. एका म्हाताऱ्या बाईने तर कौतुक केलं, आवाजाला आता वजन आलंय म्हणून. मीही तिथे होते. मलाही ते खरं वाटलं.

घास गिळताना दुखायला लागलं तेव्हा कुठे डॉक्टर. मग मोठे डॉक्टर, मग मोठं रुग्णालय. घशात गाठ होती. आई सकाळ-संध्याकाळ मिशेरी लावायची. आमच्याकडच्या निम्म्या बायका लावतात. डॉक्टर तरुण होते, मराठी बोलणारे. त्यांनी आईकडे बघून सावकाश सांगितलं की आवाजाची पेटी पूर्ण काढावी लागेल. श्वासासाठी मानेला भोक राहील. बोलता येणार नाही.

आईने विचारलं, "जगंन ना?"

ते म्हणाले, आशा आहे.

"मंग काडा," आई म्हणाली, डोक्यावरचं ओझं उतरवायला सांगावं तशी.

आम्ही रिक्षाने घरी निघालो. कळंबोलीचा सिग्नल लागला तेव्हा बाहेर बघत म्हणाली, "तांदलाचा धवला कोनालाच नाय येत." मी तिचा हात धरून बसले होते, आणि मला त्या क्षणी धवल्याचं काही पडलं नव्हतं. मला तिचं दारातून हाक मारणं हवं होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मी वॉर्डात फोन घेऊन तिच्या खाटेपाशी बसले. ऑफिसातून चांगला माईक मागून आणला होता. म्हटलं, "आये, धवले बोल. सगळे. मी भरून घेते."

"नाय."

"अगं, उद्यानंतर..."

"म्हाईत हाय मना उद्याचा. नाय म्हन्ला ना."

मला राग आला. तिच्या या नाहीचा मला लहानपणापासून राग यायचा. मी म्हटलं, तुझ्याबरोबर सगळं संपणार आहे, मागच्या बायकांना अर्धंमुर्धं येतं, तांदळाचा तर तूच म्हणालीस कोणाला येत नाही, आणि तू कायदे सांगत बसलीस. मी बहुतेक मोठ्याने बोलले, कारण शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली.

आई शांतपणे म्हणाली, "धवला म्हनजे काय गाना हाय? देवांना बोलावना हाय तो. बोलावल्याव ते येतान. इथं बोलावून बसवू कुटं त्यांना? ये खाटंव?"

मी म्हटलं, देवांना कळतं गं. हे नुसतं रेकॉर्डिंग आहे.

"आनी मंग तू कवा पन बटन दाबशील. रस्त्यान, हापिसान. दर बारीला त्यांनी यावा आनी मांडव नाय बघून परत जावा?"

तिने कधी देवाधर्माचं अवडंबर केलं नव्हतं, उपास तिला सोसत नसत. पण पाहुण्याला बोलावून उभं ठेवणं तिच्याच्याने झालं नसतं, मग तो देव का असेना.

मी म्हटलं, "बरं. धवले राहू देत. नुसतं काहीतरी बोल. माझ्यासाठी."

"काय बोलू?"

"काही पण."

तिने पदर सारखा केला, फोनकडे पाहिलं आणि फोटो काढायला बसवल्यासारखी ताठ बसली. बोलेना. आयुष्यभर शेकडो माणसांपुढे बसून बोललेली बाई, पण ते सगळं ठरलेलं होतं. आपल्या मनाने, कोणासमोर, एकटीने बोलायची तिला सवयच नव्हती. दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. म्हणाली, "मना असा नाय गो येत." तिचे डोळे भरले होते. रोगाने नव्हे, ऑपरेशनच्या भीतीने नव्हे. पोरीने एवढंसं मागितलं आणि आपल्याला देता येत नाही म्हणून.

मी म्हटलं, असू दे आये. माईक काढायला हात पुढे केला. आणि तिने सुरू केलं.

"इंट इजप्राइम, कंसान इंट एन. दार उघड. इंट आय, टिंब-शेपटी. इफ, कंसान एन लेस दॅन टू, रिटर्न झिरो, टिंब-शेपटी..."

आवाज घासत होता, मधेच फाटत होता, पण चाल तीच, पायलीची. प्रत्येक ओळीच्या शेवटी ती श्वास घ्यायची तिथेच घेत होती. "फॉर, कंसान. पयला लाभ, तो सोड. आय इक्वल टू टू, टिंब-शेपटी. आय लेस दॅन एन, टिंब-शेपटी..." मधे खोकला आला. तिने हात वर करून मला थांबायला सांगितलं, पाण्याचा घोट घेतला आणि जिथे तुटलं होतं तिथूनच धरलं. वाटे सारखे झाले तर रिटर्न झिरो. दार मिट. सगळं बघून झालं आणि कुठेच सारखे वाटे झाले नाहीत तर रिटर्न वन. टिंब-शेपटी. दार मिट.

मग तिने माझ्याकडे पाहून विचारलं, "चुकला नाय ना काय?"

मी मान हलवली. तिने ती पाहिली, समाधानाने स्वतःही मान हलवली आणि आडवी झाली. मी बटन दाबून रेकॉर्डिंग बंद केलं.

ऑपरेशन झालं. आई जगली. तिचा आवाज गेला.

ते दिवस लिहायला मला जड जातं. तिला पाटी दिली तर तिने बाजूला ठेवली. या वयात अक्षरं शिकवू नकोस, असं तिच्या डोळ्यांत होतं. भावाला बोलवायचं तर ती टाळी वाजवायची, वहिनीला बोलवायचं तर पातेल्यावर पळी. माझ्यासाठी तिने काही खूण ठेवली नव्हती. मी गेले की ती माझ्याकडे बघत बसायची. घरात फोनवर मोठ्याने बोलायची आम्हालाच लाज वाटायला लागली.

लग्नाचे लोक तरीही यायचे. मानाचा नारळ तिच्या ओटीत घालायचे आणि मांडवात नेऊन पुढे बसवायचे. मानेवरून पदर घेऊन ती बसायची, आणि मागच्या बायका आठवेल तसं म्हणायच्या. ओळ चुकली की आई मांडीवर हात मारायची. बायका थांबायच्या, तिच्या तोंडाकडे बघायच्या. तिचे ओठ हलायचे, पुन्हा पुन्हा हलायचे, पण ओठांवरून कोणाला ओळ कळत नसे. चुकलं एवढं ती सांगू शकत होती. बरोबर काय, ते नाही. शेवटी बायका खाली मान घालून पुढची ओळ घ्यायच्या. असं दोनतीन मांडवांत झालं आणि मग आईने नारळ घेणं बंद केलं. आलेल्या माणसांना हात जोडायची.

त्याच सुमाराला एकदा तिने माझ्या फोनकडे बोट केलं आणि मग स्वतःच्या गळ्याकडे. मी विचारलं, लावू? तिने मान हलवली. मी लावलं. आपलाच आवाज ती अगदी लक्ष देऊन ऐकत होती, मागच्या बाईची परीक्षा घेत असल्यासारखी. तिचे ओठ बरोबरीने हलत होते. शेवटी फोनमधून प्रश्न आला, चुकला नाय ना काय, आणि तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा मान हलवली. मग ती उठली आणि भात टाकायला गेली.

वर्ष पुरतं झालं नाही. दुखणं फुप्फुसात उतरलं आणि आई गेली. जाताना ती काही बोलली का, असं लोक सवयीने विचारत होते आणि विचारून झाल्यावर त्यांना आठवत होतं.

तिचे दिवस झाल्यावर मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत कानात इअरफोन घालून ते रेकॉर्डिंग लावलं आणि ती म्हणते तसं टाइप करत गेले. दार उघड म्हटलं की महिरप उघडली, टिंब-शेपटी म्हटलं की अर्धविराम टाकला. फक्त लाभ टाकला नाही. चालवून पाहिलं. सात दिले, मूळ संख्या आहे म्हणालं. नऊ दिले, नाही म्हणालं. एक दिला, तोही नाही. एकही खूण गळलेली नव्हती. मी जेवणाचा डबा तसाच घरी परत नेला.

गेल्या लग्नसराईत काकीच्या मुलाचं लग्न होतं. काकी म्हणजे त्याच धाकट्या काकाची बायको, आईच्या मागे बसून ओळी उचलणाऱ्यांपैकी एक. हळदीच्या दिवशी मी मांडवात शिरले तर काकीने मला हाताला धरून पुढे नेलं. मोठे स्पीकर लावलेले होते, हळदीनंतर डीजे होता. काकी म्हणाली, "तुज्या आयचा आवाज हाय ना तुज्याकडं? तुजी वहिनी बोलली. लाव. माज्या पोराला हलद तिच्या आवाजान लागूदे."

मला खूप राग आला, आईचा. हा बघ मांडव. हा उभा आहे, वर आंब्याचे डहाळे आहेत, पाट मांडलाय, देव आले तर बसायला जागाच जागा आहे. तेव्हा दिले असतेस तर आज तुझा धवला इथे वाजला असता, तुझ्याच कायद्यात बसून. मांडवात उभी राहून मी मेलेल्या आईशी मनातल्या मनात भांडत होते.

"काकी, धवला नाय हाय तो," मी म्हटलं.

"मंग काय हाय?"

"माझ्या अभ्यासातला आहे. आकड्यांचं काहीतरी."

काकी म्हणाली, "आवाज तर तिचाच ना? लाव."

डीजेच्या पोराने फोनला वायर लावली. आईचा घोगरा आवाज एकदम सगळ्या मांडवावर आला. इंट इजप्राइम, कंसान इंट एन. पुढच्या खुर्च्यांवरची कॉलेजची दोघंतिघं एकमेकांकडे बघून हसली, कारण त्यांना ते कळलं. मग त्यांनी आमच्या म्हाताऱ्या बायकांकडे पाहिलं आणि हसायची थांबली. पयला लाभ, तो सोड, असं आलं तेव्हा त्या बायकांच्या माना हलल्या; एवढं त्यांनाही कळलं. कोणी उठलं नाही. खोकल्यापाशी काकीने तोंडाला पदर लावला. नवरदेव पाटावर खाली मान घालून बसला होता. रिटर्न वन. टिंब-शेपटी. दार मिट.

आणि मग त्या मोठ्या स्पीकरमधून आईने विचारलं, "चुकला नाय ना काय?"

पुढे काहीच नाही. वॉर्डातला पंखा ऐकू येतो, एवढंच. रेकॉर्डिंगमध्ये माझी मान आहे, पण ती ऐकू येत नाही. दोन्ही वेळा आईने ती पाहिली होती, म्हणून मला कधी जाणवलं नव्हतं की मी तिला तोंडाने उत्तर दिलेलंच नाही. आता ती बघायला नव्हती. अख्खा मांडव उत्तराची वाट बघत होता. काकी माझ्याकडे बघत होती, डीजेचा पोरगा वायर हातात धरून माझ्याकडे बघत होता.

मी मोठ्याने म्हटलं, सगळ्यांसमोर, जन्मात पहिल्यांदा न अडखळता, "नाय, आये. काय नाय चुकला."

काकीने डोळे पुसले, हळदीची वाटी उचलली आणि मागच्या बायकांना सुरुवात करायला सांगितलं. त्यांनी आठवेल तसं म्हणायला घेतलं. मधे एक ओळ चुकली बहुतेक, कारण त्या थांबल्या आणि पुढच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिल्या.